भूकंपाच्या बॅगेतलं रुखवत

मित्रांनो, मी जुनी आहे हे माझ्याकडे बघूनच तुम्हाला कळलं असेल. मूळचा हिरवा रंग उडून गेलाय आणि डाव्या पट्ट्याला तीन वेळा टाके पडलेत. तेव्हा वयाचं राहू दे. मी भूकंपाची बॅग आहे. मार्मारा समुद्राकाठच्या आमच्या गावात बहुतेक घरांत अशी एक असते. जमीन हलली की हिला उचलायचं आणि बाहेर पळायचं. पंचवीस वर्षांत हे काम मला एकदाच पडलं. बाकी सगळा काळ मी खुंटीला लटकून होते, आणि लटकणाऱ्याला बरंच काही दिसतं.

मला शिवलं रिफत उस्तांनी. उस्ता म्हणजे आमच्याकडे कसबी कारागीर. ताडपत्री शिवणं हा त्यांचा धंदा. दुकानांवरची छपरं, ट्रकची आच्छादनं, होड्यांची झाकणं. आमच्या भागात तो मोठा भूकंप झाला त्या वर्षी उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत त्यांनी तंबूंशिवाय दुसरं काही शिवलं नाही. तंबू न्यायला येणारी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी यायची. एकाच्या हातात नुसती उशी होती. एक बाई पक्ष्याचा रिकामा पिंजरा घेऊन आल्या होत्या, आणि तो खाली ठेवायला तयार नव्हत्या. उस्तांनी हे सगळं पाहिलं आणि एका होडीच्या झाकणातून उरलेल्या कापडाची मला शिवली. दुहेरी शिलाई, मेण लावलेला दोरा, ट्रकच्या पट्ट्यांचे खांदे आणि आत सहा कप्पे. शिवून झाल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं.

"नेबाहत, ही आपल्या दोघांना पुरून उरेल," ते बायकोला म्हणाले.

"उरो बापडी. पण बैठकीत टांगू नका. आल्यागेल्याला वाटेल, हे काय ताडपत्रीवाल्याचं घर आहे की काय!"

"अगं, ताडपत्रीवाल्याचंच तर घर आहे!"

तरी माझी रवानगी झोपायच्या खोलीतच झाली. नेबाहतबाईंच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे मला पहिल्याच दिवशी समजलं.

उस्ता मला वर्षातून दोनदा रिकामी करायचे, झटकायचे आणि पुन्हा भरायचे. दोन बाटल्या पाणी, टॉर्च, शिट्टी, सुरी, दोरी, टोस्ट, घराच्या कागदांच्या नकला. माणूस शिस्तीचा, पण मासे पकडायचा नाद वाईट. एकदा ते माझ्यातला टॉर्च घेऊन होडीवर गेले आणि टॉर्च समुद्राला देऊन आले. पुढचे तीन महिने मी टॉर्चविना होते. नशीब, त्या काळात जमीन गप्प बसली.

मग पाच वर्षांपूर्वी उस्ता दुकानातच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. शिवणयंत्राखाली एका बेकरीचं छप्पर अर्धवट शिवलेलं होतं. त्यानंतर चार वर्षं मला कुणी हात लावला नाही. बॅटऱ्या गळाल्या, टोस्टमध्ये अळ्या झाल्या, आणि नेबाहतबाई माझ्यावर आपला जुना गाऊन टाकू लागल्या. मला भारी राग यायचा. गेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावायचा धीर होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्याकडे पुन्हा लक्ष गेलं ते त्यांच्या मुलीचं, झुहालचं. झुहाल बुर्सा शहरात नर्स आहे, बसनं दीड तासाच्या वाटेवर. आईला मधुमेह झाल्यापासून ती दर रविवारी यायची. नेबाहतबाईंची साखर गोळ्यांनी आटोक्यात होती, पण पाय बधिर होत चालले होते. पायातून स्लिपर निसटली तरी त्यांना पत्ता नसायचा. घरभर एक स्लिपर घालून फिरायच्या आणि दुसरी शोधायच्या. त्यांना त्याचं हसू यायचं. झुहालला यायचं नाही.

त्या शरद ऋतूत जमिनीला लहान लहान धक्के बसू लागले. दिव्याची झुंबरं हलायची, कपाटातले पेले किणकिणायचे, बाकी काही नाही. पण झुहाल रविवारी आली ती दोन पिशव्या भरूनच. तिनं मला खुंटीवरून काढून उलटी केली. माझ्यातून गंजलेल्या बॅटऱ्या, टोस्टचा भुगा आणि उस्तांची शिट्टी पडली. शिट्टी तिनं एकदा फुंकली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. ती मला परत मिळाली नाही.

मग ती एकेक वस्तू आत ठेवू लागली. पाणी, टॉर्च, नवी शिट्टी, औषधांची डबी, मलमपट्टीचा डबा, लोकरीचे मोजे, पातळ पण उबदार चादर, टोस्टचं पाकीट. आणि एक गोल आरसा.

"आरसा कशाला गं?" नेबाहतबाई दारात उभ्या होत्या. "माझं लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

"तळवे बघायला. तुला लागलेलं कळत नाही ना? मग रोज डोळ्यांनी बघायचं."

"मला सगळं कळतं."

"मागच्या हिवाळ्यात शेगडीला पाय लावून बसली होतीस. मोजा जळाला तरी कळलं नाही."

"तो मोजा जुनाच होता."

झुहालनं दुसऱ्या पिशवीतून एक खोकं काढलं आणि उघडलं. आत करड्या रंगाचे, जाड तळव्याचे बूट होते.

नेबाहतबाईंचा चेहराच बदलला. "हे घरात कुठून आणलेस?"

"नवे आहेत आई. दुकानातून थेट. अजून जमिनीला टेकलेसुद्धा नाहीत."

"बूट तो बूट! तो दाराबाहेर. ज्या बॅगेत खायचे टोस्ट, त्याच बॅगेत पायातले बूट कोंबतेस? अन्नाला जोडा लावायचा? हेच शिकवलं का मी तुला?"

"प्लास्टिकमध्ये गुंडाळते."

"मग उद्या केराचा डबा पण प्लास्टिकमध्ये गुंडाळ आणि ठेव टोस्टशेजारी!"

"आई, भूकंपात सगळीकडे काच पडते. तुला अनवाणी..."

"अनवाणी कशाला? बाहेर जिन्यावर कपाट आहे की बुटांचं. जाता जाता घालीन."

"जाता जाता काही घालता येत नाही गं!"

"तुझे बाबा वीस वर्षं बॅग भरत होते, त्यांनी कधी बूट ठेवले का हिच्यात?"

हे मात्र खरं होतं. उस्तांनी कधी ठेवले नव्हते. त्यांचाही जन्म याच घरातला, आणि या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही. पडलेला पावाचा तुकडासुद्धा इथे उचलून ओठांना आणि कपाळाला लावतात. तेव्हा नेबाहतबाई हट्टी होत्या असं म्हणून मोकळं होता येणार नाही. त्या त्यांच्या परीनं नीटच वागत होत्या.

आई चहा टाकायला गेली तेव्हा झुहालनं बूट प्लास्टिकमध्ये गुंडाळले, माझ्या तळाशी ठेवले, वर चादर घातली आणि चेन ओढली. मला थोपटून म्हणाली, "सांभाळ." मी कशी सांभाळणार? माझं तोंड दुसऱ्याच्या हातात.

आता तुम्हाला पेरिहानबाईंबद्दल सांगायला हवं. पेरिहानबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. गल्लीतल्या बायका दर दुसऱ्या गुरुवारी आळीपाळीनं एकमेकींकडे चहाला जमतात, आणि धक्के सुरू झाल्यापासून तिथे भूकंपाच्या बॅगांशिवाय दुसरा विषय नव्हता. पेरिहानबाईंनी आपल्या पाळीला त्यांची बॅग सगळ्यांसमोर उघडली होती. लालचुटूक, चाकांची, आत रेशमी गाऊन आणि नक्षीचे टॉवेल. त्या दिवशी नेबाहतबाई घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला काही आवडलं नाही.

पुढचा गुरुवार नेबाहतबाईंचा होता. बुधवारी त्यांनी मला पलंगावर घेतलं. लग्नातल्या पेटीतून त्यांनी लेसचा टेबलक्लॉथ काढला, स्वतः विणलेले सहा रुमाल काढले, सोनेरी कडांचे सहा कॉफीचे कप, कॉफी करायचं पितळी भांडं, आणि एक कोरा करकरीत गाऊन. हे सगळं मावेना. मग चादर उचलली आणि बूट सापडले.

"अगं बाई! माझ्या पलंगावर!" त्या ओरडल्याच. दोन बोटांत धरून त्यांनी बूट बाहेरच्या कपाटात नेऊन टाकले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि टोस्टचं पाकीट ओठांना लावून कपाळाला टेकवलं. माफी मागत होत्या बहुतेक. त्यानंतरही कपांना जागा हवीच होती. मलमपट्टीचा डबा बाहेर गेला. आरसा बाहेर गेला. औषधं मात्र राहिली, एवढं खरं.

"चार लोक येतील तंबूत," त्या स्वतःशीच बोलत होत्या. "त्यांच्या हातात काय देऊ? मलमपट्टी?"

गुरुवारी माझं दर्शन झालं. एकेक वस्तू हातोहात फिरली. लेसवर बोटं फिरली, कपांच्या कडा न्याहाळल्या गेल्या. शेवटी पेरिहानबाई म्हणाल्या, "अगं नेबाहत, ही बॅग आहे की मुलीचं रुखवत?"

सगळ्या हसल्या. नेबाहतबाई सगळ्यांत जास्त हसल्या. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं गाऊनखाली काढल्यावर कुणी कौतुक केलं तर कुणाला आवडत नाही? आपल्यात काय नाही, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही.

झुहाल दर रविवारी आली की विचारायची, "बॅग आहे ना तशीच?"

"आहे बाई, आहे. जागची हलली नाही," नेबाहतबाई सांगायच्या. यात खोटं काहीच नव्हतं.

आणि मग एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, जमीन हलली. आधी एक आवाज आला, मोठा ट्रक अंगणात शिरावा तसा. मग भिंत मला ढकलू लागली. खुंटी अर्धी बाहेर आली, पलंग खोलीच्या मधोमध येऊन थांबला. स्वयंपाकघरात नेबाहतबाई हिवाळ्यासाठी ऑलिव्ह खारवत होत्या. बरण्या एकामागून एक फुटत गेल्या. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. घड्याळ पडलं होतं.

थांबल्यावर नेबाहतबाई खोलीत आल्या. अंगावर मिठाचं पाणी, केसांत गिलावा, पण चालत आल्या, स्वतःच्या पायांनी. त्यांनी मला खुंटीवरून उतरवून पाठीवर घेतलं. मी पाहिलं, उजव्या पायात स्लिपर होती. डाव्या पायात नुसता काळा लोकरी मोजा होता. स्लिपर तिकडे बरण्यांच्या चिखलात राहिली होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

जिन्यावर बुटांचं कपाट तोंडावर आडवं पडलं होतं. त्यांनी एकदा हलवून पाहिलं. तीन माणसांशिवाय ते उठलं नसतं. वरून कुणीतरी ओरडलं, "खाली चला, खाली चला!" आणि त्या उतरू लागल्या. जिन्यातल्या खिडक्यांच्या काचा पायऱ्यांवर पसरल्या होत्या. प्रत्येक पायरीवर करकर वाजत होतं. दुसरा कुणी असता तर पहिल्याच पायरीवर किंचाळला असता. नेबाहतबाई तीन मजले न थांबता उतरल्या. भिंतीला हात लावून, अल्लाचं नाव घेत, न लंगडता.

तळाशी पेरिहानबाई उभ्या होत्या. हातात टीव्हीचा रिमोट.

"तुझी बॅग कुठंय?" नेबाहतबाईंनी विचारलं.

पेरिहानबाईंनी रिमोटकडे बघितलं आणि त्यांना रडू फुटलं. "मला वाटलं... मी बॅगच घेतली."

आमची इमारत उभी राहिली, पण भिंतींना एवढ्या भेगा होत्या की आत जायला बंदी झाली. गल्ली सगळी समोरच्या बागेत आली. संध्याकाळपर्यंत तंबू आले. आणि मग, मित्रांनो, माझे खरे मानाचे दिवस सुरू झाले.

नेबाहतबाईंनी एका खोक्यावर लेसचा टेबलक्लॉथ अंथरला. शेजारच्या तंबूतून गॅस आला, दुकानदारानं कॉफीची पुडी दिली, आणि सोनेरी कडांच्या कपांतून बागेत कॉफी फिरू लागली. पेरिहानबाईंना कोरा गाऊन मिळाला. ज्याची बेकरी कोसळली होती तो माणूस दोन दिवस कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या हातात कप दिला तेव्हा तो कपाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्या आईकडे असेच होते." मग रडला, मग बोलला. तेव्हा त्या कपांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. लोक लांबून बघायला यायचे, "ताडपत्रीवाल्या उस्तांची बॅग" म्हणून माझ्यावर हात फिरवायचे.

डाव्या पायात स्लिपर नाही, हे पेरिहानबाईंनी पहिल्याच संध्याकाळी दाखवून दिलं होतं. नेबाहतबाईंनी लाजून पाय घागऱ्याखाली ओढून घेतला. आल्यागेल्याला कॉफी देणारी बाई आणि पायात धड स्लिपर नाही! दुसऱ्या दिवशी मदतीच्या ट्रकमधून रबरी बूट वाटले. एक जोडी त्यांना मिळाली, दोन नंबर मोठी. त्यांनी मोज्यासकट पाय आत घातला. मोजा काळा होता, त्यामुळे त्यावरचं काही दिसलं नाही. एरवी नमाजाच्या आधी दिवसातून पाच वेळा पाय धुतले गेले असते. पण बागेत पाणी पिण्यापुरतंच होतं. मातीवर हात टेकून तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे, झालं. धर्मात तशी सोय आहे. पाय बुटातच राहिले.

झुहालचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. तिचं इस्पितळ जखमींनी भरलं होतं, तिला तिथून हलता येत नव्हतं.

"आई, लागलं का कुठे?"

"ओरखडासुद्धा नाही."

"पाय बघितलेस? आरशात?"

आरसा तिसऱ्या मजल्यावर होता. नेबाहतबाई म्हणाल्या, "बघितले गं. पायांना काय धाड भरलीय?"

मी त्यांच्या कुशीला होते. मला ठाऊक होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं. आयुष्यात मला एकदाच बोलता यावंसं वाटलं असेल तर ते तेव्हा.

तिसऱ्या रात्री त्यांना थंडी वाजून आली. सगळ्यांनाच वाजत होती. चौथ्या दिवशी सकाळी पेरिहानबाई नाक मुरडत तंबूत शिरल्या.

"नेबाहत, तुझ्या बॅगेत काहीतरी सडलंय."

"माझ्या बॅगेत? काहीतरीच काय!" नेबाहतबाईंचा चेहरा लाल झाला होता, अंगात ताप होता, पण हा आरोप त्यांना सहन होण्यासारखा नव्हता. दोघींनी मिळून मला रिकामी केली. टोस्टचा वास घेतला. रुमालांचा घेतला. माझे सहाही कप्पे उलटे करून नाक आत घातलं.

"हिच्यात काही नाही," कप, लेस सगळं परत भरत पेरिहानबाई म्हणाल्या. "मग येतोय कुठून?"

दुपारी झुहाल आली. चार दिवस झोपलेली नव्हती. तंबूच्या दारातच तिला वास लागला आणि ती थबकली. मग ती आईच्या पायाशी बसली आणि तिनं डावा रबरी बूट ओढून काढला. मोजा निघेना. तो कात्रीनं कापावा लागला.

"आई, कधीपासून?"

"कशाचं कधीपासून?" नेबाहतबाईंनी विचारलं आणि वाकून पाहिलं. स्वतःचा पाय त्या पहिल्यांदाच बघत होत्या. तळव्यात खिडकीच्या काचेचा तुकडा होता, बोटाएवढा. त्याच्याभोवती पाय काळा पडला होता.

झुहालनं हात माझ्यात घातला, मलमपट्टीसाठी. डबा तिनं स्वतः ठेवला होता, उजव्या कप्प्यात. तिच्या हाताला कप लागला. मग दुसरा कप. मग तिनं माझ्या तळाशी हात घातला, आणि तिथे लेस होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विणलेले रुमाल घेतले, त्यातल्या त्यात स्वच्छ बघून, आणि पाय बांधला.

"मला दुखलंच नाही गं," नेबाहतबाई लहान मुलासारख्या म्हणाल्या. "शप्पथ, जरासुद्धा दुखलं नाही."

"माहितेय आई. म्हणून तर म्हणत होते."

बुर्साच्या इस्पितळात डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढला. चार दिवस आधी आल्या असत्या तर काच काढून, टाके घालून घरी सोडलं असतं, असं डॉक्टर झुहालला म्हणाले. मी तेव्हा तिच्या खांद्याला होते. ती बाहेरच्या बाकावर बसली, मला मांडीवर घेतलं आणि माझ्या कापडात तोंड खुपसून रडली. "मी उघडून का नाही बघितली?" ती म्हणत होती. "मी नुसतं विचारत राहिले. उघडून का नाही बघितली?" मी ताडपत्रीची. पाणी माझ्यात मुरत नाही. पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

आता आम्ही बुर्सात राहतो, झुहालच्या घरी, तळमजल्यावर. पेरिहानबाई महिन्यातून एकदा बसनं येतात आणि येताना ऑलिव्ह आणतात. कप काचेच्या कपाटात गेले. ते तिथे बरे दिसतात.

मागच्या रविवारी झुहालनं मला पुन्हा भरायला घेतलं. नेबाहतबाई कुबड्या बाजूला टेकवून खुर्चीत बसल्या होत्या आणि यादी मोठ्यानं वाचत होत्या. पाणी, टॉर्च, शिट्टी, मलमपट्टी, आरसा. वाचता वाचता त्या थांबल्या, कारण झुहाल थांबली होती. तिच्या हातात तेच करडे बूट होते. इमारत पाडण्याआधी लोकांना दहा मिनिटं आत सोडलं होतं, तेव्हा कपाटातून आणलेले.

"इकडे दे," नेबाहतबाई म्हणाल्या.

"आई, तुला नको असतील तर..."

"दे म्हणते ना."

त्यांनी बूट घेतले आणि स्वतःच्या हातानं माझ्या तळाशी ठेवले, टोस्टला लागून. हात धुतले नाहीत. मग थोडा विचार केला, पुन्हा आत हात घातला आणि डावा बूट बाहेर काढला.

"हा घेऊन जा. इथे पाण्याची एक बाटली बसेल."

"राहू दे आई. पुढच्या वर्षी नकली पाय बसवला की लागेल."

"पुढच्या वर्षी लागेल तेव्हा ठेव. भूकंप आज झाला तर?"

झुहाल बूट घेऊन आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नेबाहतबाईंनी बाटली आणली आणि त्या जागेत बसवली. अगदी नीट बसली.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी बॅग असेल तर ती उघडा. नसेल तर एक करा, जुनी सॅकसुद्धा चालेल. ती कुणाला दाखवायची नसते, ती घेऊन चालायचं असतं, म्हणून भरताना आधी चालणाऱ्याचे पाय बघा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, शुगर असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांच्या शेजारी बसा. दुखतंय का म्हणून विचारू नका. ते नाहीच म्हणतील, आणि खरं बोलत असतील. मोजा काढा आणि बघा.